उज्वलाचा टाक

मोठ्या नणंदेला जुळं झालं त्या वर्षी, म्हणजे २०२२ साली, मीनाचं सोमनाथशी लग्न झालं. तांदळाच्या ताटात अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं गेलं, उज्वला. सोमनाथच्या पहिल्या बायकोचंही तेच होतं. ती माहेरी काविळीनं वारली, असं घरात सांगत.

"नाव तेच ठेवलं की ती त्रास देत नाय," सासू बायडाबाई म्हणाल्या आणि पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक त्यांनी मीनाच्या गळ्यात बांधला.

इंदिरानगरच्या त्या दोन खोल्यांत पहिलीचा फोटो होता. रोज त्याला हार घालायचा, मगच चहा. सोमनाथ कामावर जाताना दाराचं कुलूप लावायचा; ते आतूनही किल्लीनंच उघडायचं. दुसरी किल्ली बायडाबाईंच्या कमरेला. मीनाचं आयटीआयचं सर्टिफिकेटही त्यांच्याच कपाटात.

यंदा भाद्रपदात भावाचा निरोप आला. अंबडच्या एका कारखान्यानं सोमवारी बोलावलं होतं, सर्टिफिकेट घेऊन.

"आई, एकदा जाऊ द्या मला."

बायडाबाई भाकरी थापत राहिल्या. "या घरातून उज्वला जिवंत बाहेर पडत नाय, पोरी. पहिलीनंबी असाच हट्ट धरला होता."

"मग?"

"मग काय. दर अविधवा नवमीला तिचं पान वाढतो ना आपण."

मीनानं पुन्हा विषय काढला नाही.

सोमवारी नवमीच होती. बायडाबाईंनी पुरण शिजवलं. सोमनाथ गेल्यावर तासाभरानं त्यांनी कुलूप उघडलं.

"सवाष्णीला आणायला जाऊ. चल, ही पिशवी धर."

पिशवी हलकी होती. कोपऱ्यावर स्कूटर लावून एक बाई उभी होती, अंगात कारखान्याचा निळा कोट. बायडाबाईंनी मीनाच्या गळ्यातला टाक सोडून घेतला.

"पिशवीत तुझा कागद हाय. कामाचं ही शिकवील. सरिता नाव हिचं, माहेरचं."

बाईनं हेल्मेट काढलं. त्या चेहऱ्याला मीनानं तीन वर्षं रोज हार घातला होता.

संध्याकाळी सोमनाथ डोकं धरून बसला. "आता लोकांना काय सांगू?"

"पळाली म्हणशील तर भाऊबंद हसतील," बायडाबाई म्हणाल्या. "मागल्या खेपेला सांगितलं तेच सांग."

आठवड्यात भिंतीवर दुसरा फोटो लागला. खाली लिहिलं होतं: सौ. उज्वला सोमनाथ, मृत्यू १५ सप्टेंबर २०२५.