कासार आळीची भिंत

सहाव्या मजल्यावरची भिंत आज पुन्हा राखाडी होती. खालच्या कासार आळीत जे दिसेल, त्याचे रंग ती दिवसभर अंगावर घ्यायची. त्यासाठीच हे ऑफिस नावाजले होते. संध्याकाळपर्यंत रंग परतले नाहीत, तर भिंत पाडायची, असे साहेबांनी ठरवले होते.

भिंत घडवणाऱ्या मुग्धाने पूर्वी आळीत बांगड्या विकायला बसणाऱ्या अनसूयाबाईंना शोधून काढले. "मावशी, आजचा दिवस तरी बांगड्या घेऊन बसा."

"बसू कुठं, पोरी? माझ्या जागेवर तुमच्याच ऑफिसच्या गाड्या उभ्या असतात."

"दोन गाड्यांच्या मध्ये बसा. मी सांगते सगळ्यांना."

"तुझं ऐकतात होय कुणी?" अनसूयाबाई हसल्या, पण आल्या.

दुपारी भिंतीच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका उमटला. मग लाल, मग पिवळा. सगळे कामे सोडून पाहू लागले.

तेवढ्यात मुग्धाला खाली ऑफिसचा पहारेकरी दिसला. गाड्यांची जागा मोकळी करायला तो अनसूयाबाईंना उठवत होता. तिने काच ठोकली, पण खाली ऐकू जाणे शक्य नव्हते. बांगड्या टोपलीत जाऊ लागल्या. भिंतीवरचा पिवळा गेला, लाल गेला. हिरवा तेवढा राहिला होता, कारण हिरव्या बांगड्या टोपलीत सगळ्यात वर होत्या आणि ती जड टोपली डोक्यावर चढवायला कुणी हात लावील, म्हणून अनसूयाबाई अजून थांबल्या होत्या.