देठाजवळची फट

"हे पान पडलं पायजे," शिवप्पानं पडद्यावर बोट टेकवलं.

पडद्यावर त्याच्या घराण्याचा वृक्ष होता. खोड, सात फांद्या, एकेचाळीस पानं, प्रत्येक पानावर एक नाव. नव्या घराच्या वास्तुशांतीला तो लाकडी शीटवर लेझरनं कापून भिंतीवर लावायचा होता. शिवप्पाचं बोट ज्या पानावर होतं, त्यावर सुकन्या असं नाव होतं. त्याच्या मुलीचं.

"काढूनच टाकते की काका," लुंबिनी म्हणाली. उदगीरच्या त्या लेझर कटिंगच्या दुकानात चित्र काढणं आणि यंत्र चालवणं, दोन्ही तिच्याकडं होतं. "एक बटण दाबलं की पान गायब. कुणाला कळायचंसुद्धा नाही."

"तेच नको. कळलं पायजे. चारशे माणूस येणार हाय. इचारतील, हितं कोण होतं? तवा सांगंन, होती एक. गळाली."

मागं बाकावर त्याची बायको उमाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती.

लुंबिनीनं पान मोठं केलं. "मग हे बघा. सगळ्या पानांच्या रेघा देठाजवळ उघड्या ठेवल्यात. लेझर रेघेवरून फिरतो, देठ तेवढा सोडतो, म्हणून पान फांदीला धरून राहतं. रेघेची ही दोन टोकं जोडली की आकार बंद होतो. मग कापल्यावर पान सुटून पडेल आणि तेवढं भोक उरेल."

"बंद झाली हे कळायचं कसं?"

"बंद आकारात रंग भरतो. उघड्यात भरत नाही."

तिनं टोकं जोडली, लाल रंगावर क्लिक केलं. एकेचाळीस पानांतलं एक पान लाल झालं.

"सोपं हाय," शिवप्पा म्हणाला. मग त्यानं तिच्याकडं नीट पाहिलं. "जावई तुमच्यातलाच हाय, बाई. नांदेडचा. कोर्टात जाऊन सह्या केल्या दोघांनी. जोडाजोडी तुम्हा लोकांना बरी जमती."

लुंबिनीनं फाइल सेव्ह केली.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. अडतीवर तुरीचा ट्रक येऊन उभा होता. हमालांना शिव्या देत तो बाहेर पायरीवर गेला.

उमाबाई उठून खुर्चीजवळ आली. "माय, एवढीशी फट ठेव. सुईच्या टोकाएवढी. त्यास्नी न्हाई दिसणार."

"पान नुसतं लटकत राहील, काकू. धक्का लागला तर तुटेल."

"लटकू दे. आज पडाया नको."

लुंबिनीनं दाराकडं पाहिलं. लेझरचा किरणच पाव मिलिमीटर लाकूड जाळतो, त्यामुळं सुईच्या टोकाएवढी फट पुरली नसती. तिनं एक मिलिमीटर मोजून ठेवली. टोकं सुटताच लाल रंग आपोआप निघून गेला. तिनं चित्र लहान करून पूर्ण झाड पडद्यावर आणलं. आता सगळी पानं सारखी दिसत होती.

शिवप्पा आत आला. "रंग कुठं गेला?"

"कापायला रंग लागत नाही. काढला."

"बरं. परत भर बघू."

तिनं क्लिक केलं. पान तसंच राहिलं. तिनं पुन्हा क्लिक केलं.

"तीस वर्षं अडतीवर पोती बघत आलो, बाई. शिवणीचा एक टाका सुटला तरी मला लांबून दिसतो." आवाज चढला नव्हता. लुंबिनीकडं त्यानं पाहिलंही नाही. तो उमाबाईकडं बघत होता.

"माझीच चूक झाली, काका," लुंबिनी म्हणाली. "आत्ता जोडते."

"तू ऊठ. उमा, बस हितं."

"मला न्हाई येत ते," उमाबाई म्हणाली.

"ही शिकवंल की. फट तू ठिवाया लावलीस, बुजव बी तूच."

उमाबाई खुर्चीत बसली. माउस तिनं दोन्ही हातांनी धरला, तसा तिच्या बांगड्यांचा टेबलावर आवाज झाला. लुंबिनीनं पान पुन्हा मोठं केलं, दोन्ही टोकं निवडली, बाण योग्य जागी आणून ठेवला आणि उमाबाईचं बोट उचलून बटणावर ठेवलं.

"दाब," शिवप्पा म्हणाला.

उमाबाईनं दाबलं.

"रंग बी तूच भर."

लुंबिनीनं बाण लाल रंगावर नेला. उमाबाईनं पुन्हा दाबलं. या वेळी पान काठोकाठ लाल झालं.

"झालं?" तिनं लुंबिनीला विचारलं. तिला खरंच कळलं नव्हतं.

"झालं, काकू."

यंत्र वीस मिनिटं चाललं. दुकानात जळक्या लाकडाचा वास भरला. उमाबाई काचेच्या झाकणापाशी उभी राहून तो निळसर ठिपका एकेका पानाभोवती फिरताना बघत होती. चाळीस पानांशी तो देठाजवळ थांबून पुढं गेला. एका पानाशी थांबला नाही.

लुंबिनीनं झाकण उघडलं. शिवप्पानं स्वतः शीट दोन्ही हातांनी उचलून उभी धरली, उजेडात बघितली. छान झाली होती. खाली जाळीवर ते एवढंसं पान पडून होतं, कडा काळ्या झालेलं, नाव वर.

उमाबाईनं खाली वाकून हात पुढं केला.

"राहू दे, उमा," शिवप्पा मायेनं म्हणाला. "गरम असंल. हात भाजंल तुझा."