उरलेली गोष्ट उद्या

हत्तीचं पिल्लू चिखलात रुतलं होतं, नदीचं पाणी चढत होतं आणि ऋजुता खुर्चीवरून उठून स्वतःच ते पिल्लू झाली होती. एक हात सोंडेसारखा वर, पाय जमिनीला खिळलेले. समोरच्या पडद्यावर व्हिएतनाममधली मुलं आपापल्या चौकटीत बसून टक लावून बघत होती.

“आता काय होईल?” तिनं इंग्रजीत विचारलं.

“बुडेल!” “आई येईल!” “मगर येईल!” सगळी एकदम ओरडली. धडा भविष्यकाळाचा होता, आणि मुलं न सांगता भविष्यकाळात बोलू लागली होती. ऋजुताला वाटलं, जमलं.

देवासला एबी रोडवर, दुकानांच्या वरच्या मजल्यावर हे ऑफिस होतं. परदेशातल्या शाळांना इंग्रजीचे शिक्षक पुरवणाऱ्या एजन्सीचं. ते चालवणाऱ्या मननने तिला आत बसवताना सगळं समजावलं होतं. “टेन्शन नी लेने का, दीदी. हनोईची मुलं आहेत, खास तुमच्या परीक्षेसाठी बसवलीत. उधर प्रिन्सिपल सुनते रहेंगे, दिसणार नाहीत. हे पान पूर्ण तास शिकवायचं. और हाँ, आपलं नाव नी सांगायचं, मुलांचं पण नाही विचारायचं. परीक्षा आहे ना!”

पान गोष्टीच्या मधलंच दिलं होतं. सुरुवात नाही, शेवट नाही. तिला जरा नवल वाटलं, पण परीक्षा म्हटल्यावर असंच असणार. पडद्यावर मुलांच्या खिडक्यांबाहेर अंधार पडला होता. मघाशी एकीच्या आईने येऊन तिच्यापुढे वही उघडून ठेवली, केस सारखे केले आणि लगबगीनं निघून गेली. आपल्या एका नोकरीसाठी परक्या लेकरांना शाळा सुटल्यावरही बसावं लागतंय, याची ऋजुताला लाज वाटली. म्हणून ती आणखीच जीव ओतून शिकवू लागली.

काचेच्या दारापलीकडे बाकावर तात्या बसले होते. तिचे वडील. धारच्या राममंदिरात उभी हयात त्यांनी कीर्तन केलं. झांज वाजली की समोरची माणसं आपली दुखणी विसरत. गेल्या वर्षी लकव्यानं त्यांचा उजवा हात नेला आणि वाचाही नेली. वाचा परत येईल, पण रोज बोलायचे व्यायाम करून घ्यावे लागतील, असं इंदूरचे डॉक्टर म्हणाले होते. ऋजुताची थोरली बहीण, ताई, त्यांना इंदूरला आपल्याकडे ठेवून घ्यायला तयार होती. उपचाराचा भार ऋजुतानं उचलायचा, असं ठरलं होतं. आणि ती शिकवत होती ती धारची शाळा यंदा बंद पडली. त्यामुळे ही नोकरी मिळणं म्हणजे तात्यांच्या तोंडून पुन्हा रामनाम ऐकणं होतं. दुसरं दार कुठलंच उघडं दिसत नव्हतं.

बोलत होते तेव्हा तात्यांनी तिला एक गुपित सांगितलं होतं. सप्ताहातलं आख्यान कधी एका दिवसात पुरं करायचं नाही. राजपुत्राच्या मानेवर तलवार उगारलेली असू द्यायची, आणि झांज थांबवून म्हणायचं, पुढचं उद्या! श्रोता रात्रभर तळमळतो आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन बसतो. “फक्त एक लक्षात ठेव बाळ,” ते म्हणायचे, “उद्या म्हटलं की उद्या उभं राहायचं. ज्यानं श्रोत्याला टांगून ठेवलं आणि आला नाही, त्याला रामही विचारत नाही.”

पाणी पिल्लाच्या डोळ्यांपर्यंत आलं. ऋजुताचा आवाज खाली खाली गेला. मुलं पडद्याला नाक लावून बसली. आणि तिनं फटकन पान पालथं घातलं.

“पुढचं उद्या!”

काचेपलीकडे तात्यांचा डावा हात आपसूक मांडीवर पडला. त्यांना इंग्रजी शब्द कळले नसतील, पण थांबण्याची जागा कळली. ते हसले.

मुलं मात्र हसली नाहीत, ओरडलीही नाहीत. एका मुलानं निमूट वही बंद केली. पुढचे दात पडलेली एक मुलगी तेवढी तिच्याकडे बघत राहिली.

“काय गं? उद्या नको गोष्ट?”

“तुम्ही नाही येणार,” मुलगी मोडक्या इंग्रजीत म्हणाली.

ऋजुता हसली. “आज माझी परीक्षा आहे. पास झाले तर नक्की येईन.”

“कालच्या टीचरची पण परीक्षा होती,” वही बंद केलेला मुलगा म्हणाला.

“परवाच्या टीचरची पण!” “गाणं म्हणायची ती?” “नाही, ती त्याच्या आधीची!” सगळ्या चौकटी एकदम बोलू लागल्या. कुठली टीचर जास्त चांगली होती, यावरून त्यांचं भांडणच जुंपलं.

ऋजुतानं पालथं घातलेलं पान पुन्हा सुलटं केलं. तिनं काचेकडे पाहिलं. बाहेर मनन शिवानी नावाच्या मुलीशी बोलत होता. ती धारपासून ऋजुता आणि तात्यांच्याच बसमध्ये होती. अर्धवट दारातून त्याचा आवाज स्पष्ट येत होता. “तुमची परीक्षा उद्या, याच टाइमला, दीदी. हे पान तयार करून या.” त्यानं तिच्या हातात कागद दिला. त्यावर चित्र होतं. पाण्यातून बाहेर आलेलं हत्तीचं पिल्लू आईला बिलगलं होतं.

शिवानीनं तो कागद देवाच्या प्रसादासारखा दोन्ही हातांनी घेतला. शेजारी तात्या डावा हात उंचावून काचेतून लेकीला आशीर्वाद देत होते.

“टीचर,” पडद्यावरची मुलगी अगदी कळवळून विचारत होती, “तुमच्यातलं कुणीच कधी पास होत नाही का?”