पडद्याआड

"मावशी, ब्लाउज काढा. वरून माप नीट येत नाही," टेप घेतलेली दुकानातली मुलगी म्हणाली.

तान्हूबाईंनी पदर आणखी घट्ट धरला. डॉक्टरांनी खांदेदुखीसाठी मापाची ब्रा घ्यायला सांगितली म्हणून सून त्यांना इथे घेऊन आली होती. पण तिनेच फरशी पुसायच्या चिंध्यांत टाकलेली स्वतःची जुनी ब्रा त्यांनी गुपचूप उचलली होती, आणि आज तीच अंगात होती. सून पडद्याबाहेरच उभी होती. तिने ओळखली तर?

शेवटी ब्लाउज उतरला.

"अगं बाई, केवढी आवळलीय! ताई, आत येऊन बघा, खांद्यावर वळ उठलेत."

सून आत आली. पाठीवरच्या पट्टीला हिरव्या दोऱ्याचे टाके होते, तिने स्वतः घातलेले. ती बघतच राहिली. तान्हूबाईंना धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

"असली लहान मापाची कुणी दिली हो यांना?" मुलीने विचारलं.

"मीच दिली," सून म्हणाली. "माप न विचारता दिली, चुकलंच माझं. आत्या, हात वर करा बघू."

मान खाली घालूनच तान्हूबाईंनी हात वर केले.