इश्श, कान, लायडर

आईच्या गळ्यात अजून टेप होती. पुस्तकांच्या दुकानात शिरल्यावर मुलाच्या ते लक्षात आलं.

“आई, ती काढ ना गळ्यातली,” तो दबक्या आवाजात म्हणाला.

“अगं बाई, राहिलीच की!” आई खळखळून हसली. शिवणाच्या मशीनवरून ती तशीच उठून आली होती. काउंटरमागच्या बाईनं मान वर केली. मुलगा उगाच शेल्फाकडे बघत राहिला.

“जर्मन भाषेचं व्याकरण दाखवा,” आई थेट बाईपाशी गेली. “पुढच्या महिन्यात ह्याचं लग्न आहे, तिकडेच. सून तिकडची. विहीणबाईंशी नुसतं हसून किती दिवस भागवू? गाल दुखतात हो.”

बाईनं दोन पुस्तकं काढून दिली. एक जाडजूड, देखण्या पुठ्ठ्याचं, आतून सगळं जर्मनच. दुसरं पातळ, कागद पिवळट, पण समजावलेलं आपल्या भाषेत, आणि प्रत्येक वाक्याखाली आपल्या लिपीत उच्चार.

“हे जाड घे,” मुलगा घाईनं म्हणाला. “तिकडे सगळे हेच वापरतात.”

आईनं गळ्यातली टेप काढून पुस्तकाच्या जाडीला लावली. “अरे, हे मांडीवर घेतलं तर पाय मशीनच्या पायट्यावर हलायचा नाही माझा. आणि ह्यातलं मला काय कळणार, कप्पाळ?”

“त्या दुसऱ्यात चुका आहेत. उच्चार वाचून भाषा शिकू नये.”

“मग तू ऐकवून शिकवलंस ते चालतं वाटतं?” असं म्हणून आई बाईकडे वळली. “एक वाक्य येतं हं मला. ह्यानंच शिकवलंय. दर रविवारी फोनवर विहीणबाई दिसल्या की म्हणते. लक्षात कसं ठेवलंय सांगू? आधी इश्श म्हणून लाजायचं, मग कान धरायचा.” आईनं खरोखर लाजून मान वेळावली, कानाची पाळी धरली. “इश्श, कान, लायडर, निश्ट, कोमन! म्हणजे, मी मोठ्या आनंदानं येणार आहे.”

बाईला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण तिनं कौतुकानं मान डोलावली. आईला आणखी चेव आला. “विहीणबाई ऐकतात नि छातीवर हात ठेवतात. चेहरा एवढासा होतो त्यांचा. हा म्हणतो, भरून येतं त्यांना.”

मुलाचे कान तापले. त्या वाक्याचा अर्थ होता, वाईट वाटतं, पण मला येता येणार नाही. तिकडच्या शांत, नीटनेटक्या दिवाणखान्यात हे खळखळून हसणं त्याला नको होतं. आईची लाज वाटली म्हणून त्यानं हे वाक्य शिकवलं होतं. आयत्या वेळी कागदपत्रांचं काहीतरी निमित्त सांगायचं, असं मनाशी ठरवूनही ठेवलं होतं. आईनं तर लग्नात घालायला स्वतःसाठी नवा कोट शिवायला घेतला होता. एक बाही तेवढी जोडायची राहिली होती.

“चल आई, उशीर होतोय. मी तिकडून पाठवीन चांगलं पुस्तक.”

“थांब रे, आलोय तर बघू दे.” आईनं चष्मा लावला आणि पातळ पुस्तक उघडलं. मुलानं हात पुढे केला, पण हिसकावून घ्यायचं म्हणजे फारच झालं असतं. त्यानं हात खिशात घातला.

“हे बघा! ह्यांचं क्रियापद कधीकधी शेवटी येतं म्हणे. आपल्यासारखंच की!” आई खूश झाली. तिनं बोट ओळीखाली ठेवलं, कापडावर खूण करताना ठेवायची तसं, आणि ती उदाहरणं मोठ्यानं वाचू लागली. “इश कान श्विमन. मला पोहता येतं. बघ, किती सोपं आहे. इश कान निश्ट श्विमन. मला पोहता येत नाही.”

मग पुढचं उदाहरण आलं. आईचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. तिनं ते पुन्हा वाचलं. बोट आधी एका शब्दावर थांबलं, मग त्याच्या पुढच्या.

मुलाला तिथून पळून जावंसं वाटलं आणि आईचे पाय धरावेसेही वाटले, पण यातलं काहीच त्याच्याच्यानं झालं नाही.

आईनं चष्मा काढला. “लायडर म्हणजे ‘वाईट वाटतं’ होय,” ती हळू आवाजात म्हणाली. “निदान तेवढं तरी घातलंस रे.”

“आई, मी...”

“हेच द्या,” तिनं पातळ पुस्तक काउंटरवर ठेवलं. हातातली टेप तिनं नीट गुंडाळली आणि पुन्हा गळ्यात अडकवली.

बाई पुस्तक कागदात बांधू लागली. तिला बिचारीला काय कल्पना! “मग काकू, कधी निघताय लग्नाला?” तिनं विचारलं.

आईनं मुलाकडे पाहिलं नाही. ती लाजली नाही, तिनं कानही धरला नाही. पुस्तकात होता तसाच स्वच्छ उच्चार करून ती म्हणाली, “इश कान लायडर निश्ट कोमन.”

बाई हसली. “छान म्हणता हो! पण म्हणजे काय ते आम्हाला कसं कळणार?”

“ह्याला विचारा,” आई म्हणाली. “सांग की रे. आपल्या भाषेत सांग.”