दमलो बुवा

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी सरोजिनीबाईंनी नवऱ्याचा श्वासपट्टा छातीला बांधला. माणूस गेला तरी त्याने या चढावर घेतलेले श्वास पट्टा नोंदवून ठेवायचा आणि त्या त्या जागी छातीवर तसेच थोपटत राहायचा.

"आई, बाबांच्या लयीत श्वास घेऊ नकोस," लेक मृण्मयी म्हणाली. "बायकांची श्वासनलिका अरुंद असते. त्याच चढाला आपल्याला जास्त धाप लागते."

"जन्मभर त्यांच्याबरोबरच चढलेय की!"

मारुतीच्या वळणावर ते रोज कठड्यावर टेकायचे. "दमलो बुवा," म्हणायचे. "एवढ्यात?" म्हणून त्या चिडवायच्या आणि शेजारी बसायच्या.

आजही त्या वळणावर सरोजिनीबाईंना धाप लागली. छातीवरचा पट्टा मात्र संथ थोपटत होता, जराही न दमलेल्या माणसासारखा.

"लबाड," त्या पुटपुटल्या आणि शेजारी जागा सोडून कठड्यावर बसल्या.