बसऱ्यातली माणसं

भागोजीने पान तोंडात टाकलं आणि सांगितलं की मुलगी पसंत आहे; फक्त पुढच्या खेपेला तो महाडच्या अब्बासला बरोबर आणील.

"कोन अब्बास?" सहदेवने विचारलं.

"बसऱ्यास्नं आलेला. छातीवर बिल्ला लावून हिंडतो. तुमी पन बसऱ्यातलं. दोघं बोला, आमी ऐकतो. त्यानं मान हलवली का साखर वाटायची."

सहदेवने मान डोलावली. तोंडातलं पान चावायचं मात्र राहून गेलं.

सून आणायची तर लामावर, म्हणजे मोठ्या लढाईवर, गेलेल्याच्या घरातली, असं पोलादपूरच्या भागोजीने ठरवून टाकलं होतं. असा माणूस अख्ख्या कुडपण गावात एकच, सहदेव. सहदेवच्या मुलीने, आवडीनेही, मुलगा पाहिला होता. तेव्हापासून ती जात्यावर बसली की दारातून पोलादपूरच्या वाटेकडे बघत राहायची, आणि घरात भाकऱ्या जाड्याभरड्या पिठाच्या व्हायच्या.

लढाई ऐन भरात असताना गावातला येसाजी मुंबईहून आला आणि देवळासमोर म्हणाला, "आपला सहदेव बसऱ्यात हाय. ह्या डोळ्यांनी बघितला." पलटणीच्या पलटणी तेव्हा बसऱ्याला चालल्या होत्या. गावाने वाघजाईला नारळ फोडला. सहदेव परतला तेव्हा त्याला वेशीपासून वाजतगाजत आणला. त्याला काहीतरी सांगायचं होतं. पण ढोल थांबेपर्यंत लोकांनी फेटा बांधला, आणि फेटा बांधल्यावर बोलायची सोय राहिली नाही.

त्या फेट्यात तो अडकला तो अडकलाच. दसऱ्याला पालखीपुढे त्यानेच चालायचं. रानात बिबट्या दिसला की गाव त्याला पुढे घालायचं आणि आपण मागे उभं राहायचं. मुंबईला कामाला जायचं नाव काढलं तर लोक हसायचे, की वाघ काय गिरणीत हजेरी लावतो? चंद्रभागा, त्याची बायको, त्याला चुलीजवळ फिरकू देत नसे. लामकऱ्याने फुंकणी धरली तर चार बायका काय म्हणतील? तिचं कालवण अळणी लागलं की त्याची बोटं नुसती वळवळायची.

एक मात्र होतं. सहदेव खोटं बोलत नसे. वाघजाईची शपथ घालून विचारलं तरी तेच सांगायचा. दुपार झाली की डोकं वर काढायला फुरसत नसे. धुराने डोळे चरचरायचे, रक्ताने पाय घसरायचे. समोरची एक फळी उठली की दुसरी हजर. वरचा साहेब गोरा होता का? गोरा होता, पण इराणकडचा. डाव्या हाताचं बोट कसं गेलं? सुऱ्याने. समोर कोण होता?

"बोकड होता एक."

दुश्मनाला बोकड म्हणणारी छाती पाहून लोक मांडीवर थाप मारायचे. सहदेव हसत नसे. त्यामुळे तो आणखीच शूर वाटायचा.

ठरल्या दिवशी भागोजी अब्बासला घेऊन आला. अब्बास उंच, दाढी निम्मी पांढरी, छातीवर पितळी बिल्ला घासूनपुसून लखलखता. जेवणासाठी आणलेल्या बोकडावर सुरी रिवाजाप्रमाणे त्यानेच फिरवली. सुरी बोथट होती. सहदेवला ते दिसलं.

मग पडवीत बैठक जमली. अब्बास सांगू लागला. दिवसभर बूड टेकायला मिळत नसे, पाय सुजून खांब व्हायचे. अरब, पठाण, इराणी, सगळे चारी बाजूंनी एकदम ओरडायचे. दोन्ही हातांवर घेऊन तो धावायचा, आणि एकालाही कधी खाली पडू दिलं नाही. कुणाला घेऊन, ते भागोजीने स्वतःच ठरवलं. जखमींना. अब्बास खोकला.

एक प्रश्न पुरे होता. आवडी, फेटा, साखर, सगळं त्या एका प्रश्नावर टांगलेलं.

"सहदेवदादा," अब्बास म्हणाला, "तुमी कुठल्या बाजूला होतात?"

"मागल्या."

"मी पुढल्या."

जेवणाचं बघतो असं पुटपुटून सहदेव आत सटकला.

चुलीपाशी कोणी नव्हतं. चंद्रभागा माजघरात आवडीला लुगडं नेसवत होती. मागचं दार उघडं होतं, पण त्यापलीकडे सरळ दरी. तो तिथेच उभा राहिला. समोर मटणाचं भांडं रटरटत होतं, आणि वास खरं सांगत होता की काहीतरी कमी आहे. हात आपोआप चालू लागले. कांद्याची एक वाटीसारखी पाकळी त्याने भांड्यात तरंगत सोडली, तिच्यात रसरशीत निखारा ठेवला, वर तुपाची धार धरली आणि झाकण दाबलं. किती तरी वर्षांनी त्याला मोकळा श्वास आला.

पंगत बसली. अब्बासने पहिला घास घेतला आणि थांबला. दुसरा घेतला. मग त्याने मान वर करून सहदेवकडे इतका वेळ पाहिलं की भागोजीचा हात ताटातच राहिला.

"काय झालं, अब्बासभाय?"

अब्बासने डोळे पुसले. "भागोजी, ह्या मानसाच्या हाताखालून बसऱ्यात रोज किती गेले त्याला गनती नाय. हा मागं उभा व्हता म्हनून आमी पुढं टिकलो."

भागोजीने ताटावरूनच साखर मागवली. आवडीच्या ओंजळीत ती पडलीही. त्या भरात त्याने आणखी एक जाहीर करून टाकलं, की दोन्ही लामकऱ्यांनी आता दर दसऱ्याला पोलादपुरात यायचं आणि तिथल्या पोरांना कवायत अन् बंदूक शिकवायची. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एकदमच मान हलवली.

निघताना अब्बासने सहदेवला मिठी मारली. बुटक्या सहदेवच्या डोळ्यांसमोर तो बिल्ला पहिल्यांदाच इतक्या जवळून आला. त्यावर बादशहाचं डोकं नव्हतं. वाफाळती किटली होती. मुंबईत भेंडीबाजारातल्या बसरा हॉटेलच्या पाटीवर होती, तीच.